पूर्णा जंक्शन आणि माझा राहिलेला विषय

१९९६ साली मी बीएस्सीच्या वर्गात बसलो, तेव्हा नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ जेमतेम दोन वर्षांचं होतं आणि मी स्वतःला गणितातला वाघ समजत होतो. पूर्णेहून नांदेडला रोज अपडाऊन. तीसेक किलोमीटर, जागा मिळाली तर खिडकीत, नाही तर दारात. लिनिअर अल्जिब्राचा पेपर पहिल्या खेपेला काही सुटला नाही. त्या निमित्तानं जे कळत गेलं ते लिहितोय. क्रम कळण्याचा नाही, आठवण्याचा आहे.

१. आकडेमोड येणं आणि गणित येणं, या दोन निराळ्या गोष्टी निघाल्या. दहावीत एकसामयिक समीकरणं मी क्रेमरच्या पद्धतीनं फटाफट सोडवायचो. निश्चयक म्हणजे तिरपा गुणाकार, वजाबाकी, संपलं. इथे प्रश्नाच्या शेवटी आकडा येईचना. नुसतं 'सिद्ध करा'. मग व्हेक्टर स्पेसचे नियम मी भीमरूपीसारखे पाठ केले. परीक्षेत विचारलं, क्ष + य = १ ही रेषा प्रतलाची सबस्पेस आहे का? मी पानभर लिहून 'आहे' असं ठणकावलं. परतीच्या गाडीत मित्र म्हणाला, "येड्या, शून्य बघितलंस का?" सबस्पेसमध्ये शून्य असावंच लागतं; ते त्या रेषेवर नव्हतंच, म्हणजे खेळ पहिल्याच ओळीत संपला होता. सगळे नियम तोंडपाठ, आणि सगळ्यात सोपी तपासणी तेवढी राहिली.

२. जास्त माहिती मिळाली म्हणजे जास्त कळलं, असं नसतं. स्टेशनबाहेरच्या टपरीवर दोन चहा आणि एक वडा घेतला, पाच रुपये झाले. चहा केवढ्याला आणि वडा केवढ्याला, ते यावरून सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी चार चहा, दोन वडे, दहा रुपये. पदरात नवं काहीच पडलं नाही, कालचंच समीकरण दुप्पट होऊन आलं. वजाबाकी केली की शून्य बरोबर शून्य. टपरीवाल्यानं अकरा मागितले असते तर शून्य बरोबर एक, म्हणजे उत्तर नाही, नुसतं भांडण. समीकरणं किती हे न बघता त्यांतली खरोखर वेगळी किती ते मोजायचं, याला रँक म्हणतात. नापास झाल्यावर मी तीन गाइडं विकत आणली होती. तिन्हींत तीच सोडवलेली उदाहरणं. माझ्या कपाटाची रँक एक होती.

३. जे वर्गात तीन महिने कळलं नाही, ते माझ्या गावच्या स्टेशनात रोज माझ्यासमोर होतं. बेसिस म्हणजे काय, हे सर परोपरीनं सांगत होते. एकदा थांबून म्हणाले, "तू पूर्णेचा ना रे? किती लाइनी फुटतात तिथून?" मी म्हणालो, तीन. परभणीची, नांदेडची आणि बसमत-हिंगोलीवरून अकोल्याची. "मग सपाट जमिनीवर कुठंही पोचायला तीन दिशा लागतात का?" नाही लागत. पूर्णा शून्य धरायचं, नांदेडची आणि बसमतची दिशा घ्यायची, हवं तेवढं पुढे जायचं, हवं तर उलटं मागे यायचं; परभणी त्या दोन्हींच्या बेरजेतून मिळतेच. तिसरी दिशा परावलंबी; ज्या दोन पुरतात, तोच बेसिस. त्या दिवशी गाडीतून उतरल्यावर मी फलाटावर उगाचच थोडा वेळ उभा राहिलो. नंतर स्वतःच एक गोष्ट लक्षात आली, तिचा अभिमान अजून आहे. नांदेड आणि परभणी पूर्णेपासून जवळपास विरुद्ध दिशांना आहेत. त्या दोघींना बेसिस म्हणून घेतलं तर कागदावर चालतं, पण शेजारच्या बसमतला पोचायला आधी नांदेडच्याही पुढे आणि मग परभणीच्या दिशेनं लांबलचक हेलपाटा. नियमात बसणारी दिशा सोयीची असतेच असं नाही.

४. सदिश, म्हणजे व्हेक्टर, हा बाणच असतो, ही बारावीतली समजूत सोडताना मला फार जड गेलं. बहुपदीसुद्धा व्हेक्टर? बेरीज करता येते, संख्येनं गुणता येतं, मग झालं तर. मी मात्र बरेच दिवस बहुपदीचं टोक शोधत होतो.

५. उत्तर काढता येत असूनही आपण काय काढतोय ते पंचवीसेक वर्षं न कळणं शक्य आहे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची व्याख्यानं बघितली, फुकट आहेत. (त्यांनी वर्गातलं शेवटचं व्याख्यान १५ मे २०२३ रोजी दिलं.) मॅट्रिक्स, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेले आकडे, मी कायम आडवी वाचत आलो होतो, ते उभे स्तंभ बघायला लावतात. दोन स्तंभ म्हणजे दोन बाण, आणि निश्चयक म्हणजे त्यांच्यामधल्या समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ. निश्चयक शून्य झाला, म्हणजे बांधावर बांध आला आणि मधलं शेत गेलं. दहावीपासून मी क्षेत्रफळं काढत होतो आणि मला पत्ताच नव्हता.

६. मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा मला रागच होता. दोन बाय तीनला तीन बाय चारनं गुणता येतं, उलट क्रमानं येत नाही. हा कुठला न्याय? पण त्या काळी आमच्या स्टेशनात नांदेड-परभणीची लाइन ब्रॉडगेज होती, १६७६ मिलिमीटर, आणि अकोल्याची मीटरगेज, १००० मिलिमीटर. एकीकडचा डबा दुसरीकडे जोडता यायचा नाही. आतले दोन आकडे जुळले तरच गाडी लागते आणि बाहेरचे दोन उरतात, एवढाच तो नियम. दुसऱ्या खेपेला याच उदाहरणावर माझा विषय निघाला. २००८ साली अकोल्याची लाइनही ब्रॉडगेज झाली. आता शेजारच्या मुलीला हा गुणाकार समजावायचा, तर आधी मीटरगेज म्हणजे काय ते सांगावं लागतं.