पावलांची नोंद

वृद्ध वडिलांना अस्रच्या नमाजसाठी स्कूटरवरून मशिदीत सोडणे, याला आपण खिदमत समजतो. गुडघे खरोखर थकले असतील, तर ती खिदमत आहेच. परंतु चालू शकणाऱ्या माणसाला आपण आदरापोटी बसवून तर ठेवत नाही ना?

मदीनेतील बनू सलिमा हा कबीला मशिदीपासून दूर राहत असे. मशिदीजवळ जागा रिकामी होताच त्यांनी तेथे येऊन राहण्याचा विचार केला. प्रेषित (स.) यांनी मात्र त्यांना आहे तेथेच राहण्यास सांगितले; कारण त्यांची पावले लिहिली जात होती. हजरत जाबिर (रजि.) यांची ही हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे.

जागतिक आरोग्य संघटनाही ६५ वर्षांपुढील व्यक्तींना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान ३ दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते.

वडिलांना मशिदीची वाट तरी आहे. घरातील वृद्ध स्त्रियांचे काय? (हा प्रश्न मला जुम्याच्या दिवशी कोणीच विचारत नाही.) हातातली परात आपण प्रेमाने काढून घेतो आणि त्यांचा दिवस पलंगावर सरतो. ‘व्यायाम’ म्हटले, तर त्या हसून टाळतील. मगरिबपूर्वी गल्लीच्या टोकापर्यंत सोबत चला म्हणा. गरज पडेल तेथे हात द्या. घाई करू नका.