न मोडलेले पाते का बदलतात?

११ ऑक्टोबर २०२४ रोजी पनवेल तालुक्यात, उलव्यालगतच्या नव्या विमानतळावर हवाईदलाचे सी-२९५ हे मालवाहू विमान उतरले. त्या वेळी एक सुखोई-३० लढाऊ विमानही धावपट्टीवरून खालून गडगडत गेले. डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. सुखोई आणि ही प्रवासी जेट विमाने यांच्यात एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे टर्बोफॅन एंजिन.

या एंजिनाच्या तोंडाशी पंखा असतो. त्याने ओढलेली काही हवा गाभ्यात जाऊन इंधन जाळते. उरलेली गाभ्याबाहेरून मागे जाते. प्रवासी विमानात ही बाहेरची हवा आतल्या हवेच्या पाच ते बारा पट असते, म्हणून इंधन वाचते. सुखोईच्या एएल-३१एफपी एंजिनात ती निम्म्याहून थोडीच अधिक असते. तेथे काटकसरीपेक्षा वेग आणि आटोपशीर आकार महत्त्वाचा.

खरी परीक्षा असते ती ज्वलनकक्षामागच्या टर्बाइनच्या पात्यांची. समजा, १०० ग्रॅमचे पाते ३५ सेंटिमीटर त्रिज्येवर सेकंदाला २०० फेरे घेत आहे. गणित करून पाहा. त्याच्या मुळाशी साडेपाच टनांहून अधिक ओढ येते, म्हणजे एका पात्याला एक भला मोठा हत्ती टांगल्यासारखे! त्यातच भोवतालच्या वायूचे तापमान १,३०० अंश सेल्सियसच्या वर. शुद्ध निकेल १,४५५ अंशांना वितळते, पण निकेलचा मिश्रधातू त्याच्या कितीतरी आधीच नरमू लागतो. म्हणून पाते पोकळ ठेवून आतून हवा खेळवतात.

तरीही पाते कणाकणाने लांबत जाते. याला क्रीप म्हणतात. शिवाय तापणे व निवणे यांच्या फेऱ्यांनी धातू थकतो. सायकलची साखळी आपण तुटल्यावर बदलतो. येथे तसे चालणार नाही. म्हणून महत्त्वाच्या भागाची तासांची आणि फेऱ्यांची नोंद ठेवतात आणि मुदत संपली की धडधाकट दिसणारा भागही काढून टाकतात. लढाऊ वैमानिक एकाच उड्डाणात जोर अनेकदा वाढवतो, कमी करतो. त्यामुळे तितक्याच तासांत त्याचे एंजिन जास्त झिजते.

आता सुटा भाग आणायचा कोठून? तो वेळेवर मिळाला नाही, तर विमान जमिनीवरच राहते. मापे घेऊन नक्कल करणे पुरत नाही, कारण खरी गोम धातूच्या आत असते. साध्या ओतीव धातूत असंख्य स्फटिक असतात आणि उष्णतेत त्यांच्या सीमा कमकुवत ठरतात. म्हणून उत्तम पाते एकाच स्फटिकाचे करतात. साच्याच्या तळाशी डुकराच्या शेपटीसारखी वळणावळणाची नळी ठेवतात. अनेक स्फटिक वाढू लागतात, पण वळणातून पार होतो एकच. पुढे सारे पाते त्याचेच बनते.

आपल्याकडे सुखोई जोडले गेले ते नाशिकजवळच्या ओझरला. एंजिने तयार होतात ओडिशातील कोरापूटला. ९ सप्टेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्तान एरोनॉटिक्सशी २४० एंजिनांचा करार केला. किंमत २६,००० कोटी रुपयांहून अधिक, मुदत आठ वर्षे. सुखोईला दोन एंजिने लागतात, म्हणजे हा १२० विमानांचा पुरवठा. त्यांत ५४ टक्क्यांहून अधिक भाग स्वदेशी असावेत, असे ठरले आहे. एकस्फटिकी पात्यांत हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळेने २०२१ मध्ये मजल मारली. तिने हेलिकॉप्टरच्या एंजिनासाठी अशी ६० पाती हिंदुस्तान एरोनॉटिक्सला दिली. लढाऊ विमानाच्या एंजिनाचे काम मात्र त्याहून अवघड आहे.