पक्षाघात : पहिल्या काही तासांचे मोल

अमरावती-अकोला भागातील खेड्यांत एखाद्याचा हात अकस्मात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, की 'लकवा मारला' किंवा 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. मग लुळ्या हाताला तेल चोळणे, शेक देणे असे उपाय सुरू होतात. वस्तुतः या रोगाचे मूळ हातात नसते आणि वाऱ्याशीही त्याचा काही संबंध नसतो. पक्षाघात हा मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील बिघाड होय. तेल चोळण्यात जे तास जातात, तेच मेंदू वाचविण्याचे तास असतात.

दोन प्रमुख प्रकार

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा त्याला लागतो आणि त्याचा साठा मेंदूजवळ नसतो. वरूड-मोर्शीच्या संत्राबागेत पाण्याची नळी तुंबली तरी झाडाचे नुकसान होते, फुटली तरी होते. मेंदूचेही तसेच आहे. रक्ताच्या गुठळीने वाहिनी बंद पडणे हा पहिला प्रकार. बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे असतात. वाहिनी फुटून रक्तस्राव होणे हा दुसरा प्रकार. मोठी वाहिनी तुंबल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

कधी कधी लक्षणे काही मिनिटांत आपोआप नाहीशी होतात. 'बरे वाटले' म्हणून याकडे दुर्लक्ष करणे घातक ठरते. कारण तो मोठ्या झटक्याचा पूर्वइशारा असू शकतो.

कारणे

उच्च रक्तदाब हे सर्वांत मोठे कारण होय. मधुमेह, तंबाखू, अतिमद्यपान आणि हृदयाचे अनियमित ठोके ही अन्य प्रमुख कारणे. विदर्भात घरोघरी परिचित असलेला खर्राही तंबाखूचाच. या भागात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक आजारामुळे लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो, हे शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

मेंदूवरील परिणाम

मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण करतो आणि बहुतेकांचे वाचाकेंद्रही डाव्या भागात असते. म्हणून उजवे अंग लुळे पडलेल्या रुग्णाची वाचा अनेकदा जाते. उजव्या भागास इजा झाल्यास डावे अंग दुर्बल होते. त्या बाजूचे भानही हरपू शकते. मागच्या भागावर आघात झाल्यास तोल किंवा दृष्टी बिघडते. गिळणे, स्मरण व मनःस्थिती यांवरही परिणाम होतो.

तत्काळ काय करावे?

चेहरा एका बाजूला ओघळणे, एक हात वर न राहणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अचानक दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ लिहून ठेवावी. त्याला पाणी, अन्न वा गोळी देऊ नये. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. तेही सीटी स्कॅनने रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावर. रक्तस्राव असताना तेच औषध प्राणघातक ठरेल.

धारणीहून अमरावतीस येण्यासाठी मेळघाटचा घाटरस्ता ओलांडावा लागतो. अशा गावांत प्रवासातच बराच वेळ जातो. तेव्हा घरी दवडण्यास वेळ उरत नाही. सीटी स्कॅन आणि हे उपचार नजीक कोठे मिळतात, याची माहिती ग्रामपंचायतीने आधीच मिळवून फलकावर लावावी. ग्रामसभेच्या दिवशी आरोग्यसेविकेच्या साहाय्याने तिशीपुढील ग्रामस्थांचा रक्तदाब तपासावा. रक्तदाबाच्या गोळ्या 'आता बरे आहे' म्हणून कोणी स्वतःहून बंद करू नयेत, हेही समजावून सांगावे. लुळा पडलेला हात पूर्ववत होईलच असे नाही. पण रक्तदाब आटोक्यात ठेवला, तर अनेक घरांवरील हे संकट टळू शकते.