क्रियापदाला उठवून मधे बसव

पोरी, पाथर्डी तालुक्यातल्या झेडपीच्या शाळेवर शिक्षणसेवक म्हणून रुजू होतेस, तर आत्याचे चार शब्द पदराला बांधून घे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, 2000 साली ते पहिलीला आलं. आता पोरांना शब्द ढीगभर येतात, वाक्य मात्र जुळत नाही.

पहिलं: चुकीमागची मराठी ऐक. एका पोरानं लिहिलं होतं, 'माय फादर शुगरकेन कट.' लाल पेन उचललं आणि परत ठेवलं. पोराच्या डोक्यात 'माझा बाप ऊस तोडतो' हेच चाललेलं. आपलं क्रियापद शेवटी बसतं, इंग्रजीतलं कर्त्याला खेटून. मग तीन पोरं फळ्यापुढे उभी केली, गळ्यात पुठ्ठे: बाप, ऊस, तोडतो. पाठीमागच्या बाजूला इंग्रजी शब्द. 'आता इंग्रजी!' म्हटलं की पुठ्ठे उलटायचे आणि 'कट'वाल्यानं पळत मधे यायचं. वर्ग हसला, पण जागा कुणी विसरलं नाही. 'कट'ला 'एस' दुसऱ्या दिवशी लावला. एका दिवशी एकच चूक काढावी.

दुसरं: 'ही माझी ताई' म्हणताना आपण 'आहे' गिळतो, म्हणून पोरं 'शी माय सिस्टर' लिहितात. रागावू नकोस. नुसतं विचार, 'आहे कुठं गेलं?' 'इझ' तीच शोधून आणतील.

तिसरं: आधी तोंडानं, मग वहीत. 'आय हॅव अ...' एवढं फळ्यावर लिही. पुढं कुणी शेळी जोडेल, कुणी सायकल. वाक्य ज्याचं त्याचं हवं. फळ्यावरून उतरवलेलं वाक्य वहीतच राहतं.

चौथं: देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे पोरं ती विसरणारच. वही दाखवण्याआधी प्रत्येकानं बोट ठेवून बघावं: तोंडाशी मोठं अक्षर, शेवटी टिंब.

पाचवं: दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला, कोयत्यावर जाणाऱ्या पोरांच्या पिशवीत वही घाल. फडावर दिसेल त्याचं रोज एक वाक्य. परतल्यावर धड्याआधी ती वही वाच.

आणि चुकलं तर ओशाळू नकोस. शिकवायचं कसं, हे शिकायला सावित्रीबाई फुलेसुद्धा आपल्या नगरला, अमेरिकन मिशनरी मिस फरार यांच्याकडे आल्या होत्या. शिकवणंही शिकावंच लागतं.