छातीच्या रुग्णाला मनाचेही विचारा

भिवंडीत दवाखाना चालवणाऱ्याला खोकल्याचे नवल वाटत नाही. यंत्रमागाची धूळ, दाटीची वस्ती. क्षयरोगी माझ्याकडे नेहमीच येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांतला एक तरुण लूम कामगार औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या गोळ्या टाळू लागला. भूक नाही, झोप नाही, अंगात त्राण नाही, असे सांगे. मी वजन करी, छाती तपाशी आणि टॉनिक लिहून देई. एकदा त्याची आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तो कोणाशी बोलतच नाही हो. घरात सगळ्यांत असून एकटा बसतो."

चूक माझी होती. भूक, झोप, थकवा ही लक्षणे क्षयाची, तशीच नैराश्याचीही. नुसते पाहून ती वेगळी काढता येत नाहीत, विचारावेच लागते. शिवाय अशा क्षयात काही रुग्णांना मिळणारे सायक्लोसेरीन हे औषध स्वतःच उदासी किंवा भ्रम आणू शकते. तिथे नुसत्या धीराच्या शब्दांनी भागत नाही. पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.

सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात फुप्फुसात चिकट कफ साठत राहतो. त्याचे रुग्ण पूर्वी लहानपणीच दगावत. आता अनेक जण मोठे होतात, नोकरी-लग्नाची काळजी करतात. २०१६ मध्ये अमेरिका व युरोपातील तज्ज्ञांनी ठरवले, की अशा १२ वर्षांवरील प्रत्येक रुग्णाची उदासी व चिंता दरवर्षी तपासावी. क्षयाला हे का नको?

सुरुवातीला दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असे किती दिवस झाले? उदास, निराश किती दिवस वाटले? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून अधिक दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली, तर नऊ प्रश्नांची पूर्ण तपासणी करावी. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. मात्र प्रश्न एकट्याला विचारावेत. सासूसमोर कोणती सून खरे सांगेल?

अडचण असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

त्या तरुणाची बेरीज ५ आली. त्याची औषधे तज्ज्ञांनी बदलली. आता तो दिवसपाळीला जातो. मी मात्र वजनकाट्याशेजारी ते दोन प्रश्न लिहून चिकटवले आहेत.