माथ्यावर गारवा, मग घामाच्या धारा कशा?

प्रश्न : आमच्या खांदा कॉलनीतल्या गच्चीवरून प्रबळगड, त्याला खेटून उभा कलावंतीण सुळका आणि मधली खाच रोज दिसते. उंचावर हवा थंड असते, असं शाळेत शिकलो. मग एप्रिलमध्ये कलावंतीण चढताना आमचा जीव का मेटाकुटीला आला?
— एक वाचक, खांदा कॉलनी, पनवेल

उत्तर : शाळेत शिकलात ते बरोबरच आहे. हजार मीटरमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पण प्रबळगड 2,300 फुटांच्या आसपास, म्हणजे सातशे मीटर. हाती लागतात चार-पाच अंश. आठ ते अकरा या वेळात पायथ्याचा पारा तेवढा सहज चढतो, म्हणजे तुमची कमाई वाटेतच खर्च! समोरचं माथेरान काही फार उंच नाही. पण तिथे डोक्यावर झाडी आहे. सुळक्याच्या पायऱ्या म्हणजे उघडा काळा कातळ. आधाराला हात टेकला की तवाच.

शिवाय शेगडी आपल्या अंगातच पेटलेली असते. स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिच्यातली साधारण तीन चतुर्थांश नुसती उष्णता होते. ती बाहेर काढायला हुकमी उपाय एकच, घाम. लिटरभर घाम पुरता सुकला, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो.

मेख आहे ती ‘सुकला तर’ या दोन शब्दांत. सोलापूरच्या कोरड्या उन्हात शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात, कारण घाम उडून जातो. पनवेलला खाडी जवळ, हवा दमट. शर्ट पाठीला चिकटलेला आणि हनुवटीवरून थेंब पायरीवर. टपकलेला थेंब अंग गार करत नाही; पाणी आणि मीठ तेवढं घेऊन जातो. म्हणून घामाने निथळणारा गडी गार आहे, असं समजू नये.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, मीठ हवं. लिटरभर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा वाटेतल्या प्रबळमाचीवर मिळणारं लिंबू सरबत, मीठ घालून मागून घ्या. खरं सांगायचं तर माझ्या मते एप्रिल-मेमध्ये तिकडे फिरकूच नये. जायचंच असेल, तर आधी आठ-दहा दिवस उन्हात थोडं थोडं चालून अंगाला सवय लावा, पायथ्याच्या ठाकूरवाडीतून उजाडताच निघा आणि नऊ-साडेनऊला माचीवर परत या. सुळका राहिला तर राहिला.

सोबत्याचं बोलणं असंबद्ध झालं, तोल जाऊ लागला, तर घाम येत असला तरी तो उष्माघात असू शकतो. तिथेच सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.