पत्र्यावर दगड नको, हूक बघा



होळी झाली की आपल्याकडं ऊन तापतं आणि मागोमाग अवकाळीचं वारं सुटतं. कुणाच्या ना कुणाच्या घराचे पत्रे उडतात. गटातून घरदुरुस्तीला कर्ज घेताना आपण पत्रा कोणता, किती जाड, याची चौकशी करतो. पण तो पत्रा धरून ठेवणारे हूक, स्क्रू, वायसर मात्र मिस्त्री आणील ते! सगळ्या खर्चात हा खर्च लहान, पण छप्पर टिकतं ते त्याच्यावरच. म्हणून या वेळचा पाठ त्याचा.

वारा पत्रा कसा उचलतो?

जोराचा वारा छपरावरून जाताना पत्र्याला वर ओढतो. उघड्या दारातून आत शिरलेला वारा खालून रेटतो. ही ओढ कडेला आणि कोपऱ्यांवर सगळ्यात जास्त असते. एकदा कड उचलली की वर ठेवलेला दगड घसरतो. म्हणजे दगड पत्रा धरत तर नाहीच, उलट खाली माणसाच्या अंगावर येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर पडूनच हजारो माणसं गेली. डोक्यावर सुटं ओझं नको, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

कशाला काय लावायचं?

- लोखंडी अँगल किंवा गोल पाईप: वाकडा हूक, ज्याला दुकानात जे-हूक म्हणतात. जाडी ८ मिलिमीटर, म्हणजे साधारण अडीच सूत.
- चौकोनी पाईप: सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, रबरी वायसरसकट.
- लाकडी वासा: लांब स्क्रू किंवा हूक. साधा मोळा गुळगुळीत असतो. वाऱ्यानं पत्रा हलत राहिला की तो सरळ वर निघून येतो. स्क्रूचे आटे लाकडात धरून बसतात.
- सगळीकडं: जस्ताचा मुलामा असलेलाच माल घ्या. काळा लोखंडी हूक लवकर गंजतो.

मिस्त्रीला सांगायच्या चार गोष्टी

१. पन्हळी पत्र्याला छिद्र उंचवट्यावर पाडा, खोलगट भागात नको. पाणी खोलगटातूनच वाहतं, तिथं छिद्र असलं की घर गळतं.

२. नटाखाली लोखंडी आणि त्याच्या खाली डांबरी, असे दोन्ही वायसर घाला. नट घट्ट पाहिजे, पण पत्रा दबेपर्यंत आवळू नका. दबलेल्या जागी पाणी साचतं.

३. कडेच्या ओळीत एक सोडून एक उंचवट्यावर हूक द्या. मधल्या ओळींत थोडे कमी चालतात.

४. बाजूच्या दोन पत्र्यांचा जोड दोन उंचवट्यांचा ठेवा. वर-खाली जोड असेल तर तो कमीत कमी ६ इंच हवा.

हूक पक्का, पण पाईप सुटा?

ही चूक लई ठिकाणी दिसते. पत्रा पाईपला घट्ट बसवलेला असतो, आणि पाईप भिंतीवर नुसता टेकवलेला! मग पाईपसकट सगळं छप्पर उडतं. विटा-सिमेंटची भिंत असेल तर वर काँक्रीट करतानाच त्यात बोल्ट किंवा सळई पुरून घ्या आणि पाईप तिला बांधा. दगडमातीच्या भिंतीत मात्र कुठलाच खिळा, बोल्ट धरत नाही, माती भुगा होऊन सुटते. तिथं जमिनीत काँक्रीट करून खांब रोवा आणि पाईप त्या खांबांना जोडा.

हाच नियम घरातल्या मांडणीला. पक्क्या भिंतीला ड्रिलनं छिद्र पाडून प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू बसवा. कच्च्या भिंतीला जड मांडणी टांगूच नका, पायांची मांडणी जमिनीवर ठेवा.

पाडव्याच्या आत घरची तपासणी

यासाठी वर चढायची गरज नाही. दुपारी दार-खिडकी लावून आत उभ्या राहा आणि वर बघा. हूकाच्या छिद्रातून उजेड येतो का? म्हणजे छिद्र मोठं झालंय किंवा वायसर गेलाय. हूक गंजलाय का? काठीनं हळूच ढकलल्यावर पत्रा खडखडतो का? यातलं काही दिसलं तर मिस्त्रीला बोलवा. आधी नवीन हूक बसवायचे, मगच वरचे दगड काढायचे.

येत्या बैठकीत

प्रत्येकीनं आपल्या छपराची तपासणी करून काय दिसलं ते गटात सांगावं. घरदुरुस्तीच्या कर्जाची मागणी आली तर खर्चाच्या यादीत "हूक, स्क्रू, वायसर" ही ओळ वेगळी लिहिली आहे का, ते सचिवताईंनी बघावं. नसेल तर कर्ज मंजूर करायच्या आधी ती लिहून घ्यावी. गावात तीन-चार घरांचं काम असेल तर हूक एकत्रच घ्या. घाऊक भाव मिळतो आणि मालही एकसारखा येतो.